'रिकॉइल' कळतं, 'हेन्स' अडतं

संध्याकाळी क्लास सुटला की लाखांदूरच्या चौकात सायकली टेकवून मुलांचा घोळका उभा राहतो. फोन एकच, भोवती चार-पाच डोकी. "काहून बे, नोव्हेंबरात येनार म्हनते, पक्कं ना?" "दोनदा तारीख ढकलली त्यायनं. अजून ढकलतीन." विषय असतो 'जीटीए सिक्स'चा. या मालिकेतला पाचवा खेळ २०१३ च्या सप्टेंबरात आला, तेव्हा यातली काही मुलं अंगणवाडीतही गेलेली नव्हती. सहाव्याची पहिली झलक डिसेंबर २०२३ मध्ये दिसली. आधी २०२५, मग २६ मे २०२६ आणि नंतर १९ नोव्हेंबर २०२६ अशा तारखा जाहीर झाल्या.

हा खेळ या फोनवर चालणारच नाही. जाहीर झालाय तो महागड्या गेमिंग यंत्रांसाठी. शिवाय ही मालिका प्रौढांसाठीची आहे आणि घोळक्यातला बहुतेक जण अठराच्या आतला. तरी झलक पुन्हापुन्हा थांबवून पाहिली जाते. गाडी वळली तेव्हा चाकांचं काय झालं, पाण्यावरचा उजेड आधीच्या खेळापेक्षा वेगळा का दिसतो, नकाशा केवढा असेल, यावर तावातावाने वाद होतात. झलक आणि जाहिरातीचा मजकूर इंग्रजीत. वाद मात्र झाडीबोलीत, 'ण'चा 'न' करून.

यातलाच एखादा मुलगा यंदा अकरावी विज्ञानाला असतो. दहावीपर्यंत मराठी शाळा, आणि आता भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र सगळं इंग्रजीतून, कारण राज्यात अकरावी-बारावीचं विज्ञान व्यवहारात इंग्रजीतूनच शिकवलं जातं. चौकात बोलता बोलता थांबत नाही, तो वर्गात तोंड उघडत नाही. घरी याचा अर्थ 'पोरगं फोनच्या नादी लागलं' असा लावला जातो. भाषा आणि शिकणं यांवरचं संशोधन पाहिलं तर गोष्ट इतकी सरळ दिसत नाही.

मुळात या मुलाची ही दुसरी उडी आहे. वैनगंगा आणि चुलबंदीच्या खोऱ्यातल्या या धानाच्या मुलखात घरची बोली झाडी. पहिलीत गेल्यावर पुस्तकातली मराठी भेटते, ती घरच्यासारखी नसते. आईच्या तोंडचं 'पानी' वहीत 'पाणी' करावं लागतं. नदीपलीकडच्या वडसा गावातून झाडीपट्टीची नाटकं गावोगाव जातात, पण त्या बोलीला वर्गात जागा नसते. इंग्रजी त्यानंतरची. राज्यात २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय आला. पुढे अनेक शाळांनी गणित आणि विज्ञान तेवढं इंग्रजीतून शिकवणारा 'सेमी' मार्गही काढला. म्हणजे दहा वर्षं इंग्रजी कानावर पडलेली असते. मग अडतं कुठे?

अकरावीच्या भौतिकशास्त्रात संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम येतो. त्यावरचं नेहमीचं गणित बंदुकीचं. पाच किलोच्या बंदुकीतून ५० ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटर वेगाने सुटली, तर बंदूक मागे किती वेगाने येईल? गोळीचा संवेग ०.०५ गुणिले ४००, म्हणजे २०. तेवढाच संवेग उलट दिशेने बंदुकीला मिळतो. २० भागिले ५, म्हणून सेकंदाला ४ मीटर. या मागे येण्याला इंग्रजी पुस्तकात 'रिकॉइल' म्हणतात. बीजीएमआय खेळलेल्या कुठल्याही मुलाला हा शब्द सांगावा लागत नाही. कुठल्या बंदुकीचा रिकॉइल जास्त, सलग गोळ्या झाडल्यावर नेम वर का सरकतो, बोट खाली ओढून तो कसा आवरायचा, हे तो न अडखळता समजावतो. त्याच गणिताचं इंग्रजी वाक्य समोर आलं की गाडी थांबते. 'रिकॉइल' त्याला ओळखीचा असतो. अडतात ते 'इनिशियली अ‍ॅट रेस्ट', 'रिस्पेक्टिव्हली', 'हेन्स' आणि 'व्हेअरअ‍ॅज'.

कॅनडातले भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हा फरक मांडला. बोलण्याचालण्याची भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी. टोरांटोत स्थलांतरित मुलांच्या आकडेवारीवरून त्यांना दिसलं की नव्या भाषेत गप्पा मारण्याइतकी सफाई साधारण दोन वर्षांत येते, पण त्या भाषेतून विषय शिकण्याइतकी पकड येण्यास पाच ते सात वर्षं लागतात. आणि ही आजूबाजूला दिवसभर इंग्रजी असलेल्या मुलांची गोष्ट. लाखांदुरात इंग्रजी ऐकू येते ती तासाला आणि फोनवर. अकरावीच्या मुलाला बारावीपर्यंत दोनच वर्षं मिळतात.

शब्द ओळखीचा असला तरी फसवतो. 'रेंज' घ्या. खेळात ती बंदुकीची पोच. प्रक्षेप्याच्या प्रकरणात चेंडू जमिनीवर जितका लांब पडतो ते अंतर. गणितात फलनाच्या सगळ्या किमतींचा संच. आणि गावाबाहेर शेतात गेल्यावर 'रेंज नाही', ती चौथी. पहिले दोन अर्थ जवळचे आहेत, हे मुलाला कुणीतरी एकदा बोलून दाखवावं लागतं. सहसा कुणी दाखवत नाही.

खेळांमुळे भाषा येते का, यावर स्वीडनमध्ये सिल्व्हेन आणि सुंडक्विस्ट या संशोधिकांनी २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ११-१२ वर्षांची ८६ मुलं. आठवड्याला पाच तास किंवा अधिक खेळणाऱ्या मुलांचा इंग्रजी शब्दसंग्रह सगळ्यांत चांगला निघाला, त्याखालोखाल थोडं खेळणाऱ्यांचा. यावरून 'खेळा आणि इंग्रजी शिका' अशी जाहिरात करू नये. ज्याला इंग्रजी आधीच बरी येते तोच इंग्रजी खेळांकडे जास्त वळतो, हेही शक्य आहे. जास्त खेळणाऱ्यांत मुलगेच अधिक होते. आपल्याकडेही घरातला फोन बहुधा भावाच्या हातात असतो.

जपानमधला २०१० चा प्रयोग जास्त गमतीचा आहे. डीहान आणि सहकाऱ्यांनी ८० विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. एकाने इंग्रजी गाण्यांचा व्हिडिओ गेम खेळायचा, दुसऱ्याने तोच खेळ दुसऱ्या पडद्यावर फक्त पाहायचा. नंतर शब्द विचारले. पाहणाऱ्यांना खेळणाऱ्यांपेक्षा जास्त आठवले. खेळणाऱ्याचं डोकं बटणं, वेळ आणि चुका सांभाळण्यात अडकलेलं असतं, शब्दांकडे लक्ष द्यायला जागा उरत नाही. चौकात फोनभोवती वाकलेल्या पाच डोक्यांतल्या चौघांची बाजू या प्रयोगाने घेतली म्हणायला हरकत नाही.

पण त्या चौकात शब्दांहून मोठी गोष्ट चाललेली असते. अमेरिकेत कॉन्स्टन्स स्टाइनक्युलर आणि शॉन डंकन यांनी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळणाऱ्यांच्या १,९८४ लेखी संदेशांची छाननी केली. हा अभ्यास २००८ चा. ८६ टक्के संदेशांत खेळाडू मिळून ज्ञान उभं करत होते: एकाने अंदाज मांडायचा, दुसऱ्याने आकडे देऊन खोडायचा, तिसऱ्याने नवी शक्यता सुचवायची. निम्म्याहून जास्त संदेशांत एक गोष्ट बदलली की बाकीच्यांवर काय परिणाम होतो असा विचार होता. साधारण दहापैकी एका संदेशात तर स्पष्टीकरणासाठी नमुना तयार केला होता. प्रयोगशाळेत शिकवायची असते ती सवय हीच. 'पाण्यावरचा उजेड वेगळा का दिसतो' यावर झाडीबोलीत भांडणारा मुलगा परावर्तनावरच बोलत असतो. वर्गात त्याच्याकडून ते इंग्रजीत हवं असतं, म्हणून ते कुणाला ऐकूच येत नाही.

एका ठिकाणी येणारं दुसऱ्या ठिकाणी का येत नाही, याचा भारतातला ताजा पुरावा 'नेचर'मध्ये २०२५ साली आला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्री करणारी मुलं तपासली. गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशेब ती मनातल्या मनात बरोबर करत. तसंच किंवा सोपं गणित पुस्तकी भाषेत कागदावर दिलं की चुकत. शाळेत जाणाऱ्या, पण काम न करणाऱ्या मुलांची गत उलटी झाली. त्याच स्पेल्की यांनी त्सिव्किन यांच्याबरोबर २००१ मध्ये रशियन आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्यांना नवी बेरीज एका भाषेत शिकवली होती. अचूक उत्तर द्यायला शिकलेल्या भाषेत कमी वेळ लागला, दुसऱ्या भाषेत जास्त. अंदाजे उत्तराला मात्र भाषेने फरक पडला नाही. मराठीतून पाढे पाठ केलेला मुलगा इंग्रजी प्रश्नावर दोन क्षण मागे पडतो, त्यात बुद्धीचा प्रश्न नसतो. त्याचं डोकं तेव्हा दोन कामं करत असतं.

यावर वर्गात करण्यासारखी एक गोष्ट वेल्समध्ये जुनी आहे. १९९४ मध्ये केन विल्यम्स यांनी तिथल्या शाळांतल्या एका पद्धतीला नाव दिलं. वाचायचं एका भाषेत, त्यावर बोलायचं आणि लिहायचं दुसऱ्या भाषेत, मग उलट. वेल्श बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी उतारा वाचून वेल्शमध्ये चर्चा करू दिली, तर उतारा नुसता उतरवून काढणं बंद होतं. समजल्याशिवाय बोलताच येत नाही. लाखांदूरच्या वर्गात याला वेगळा खर्च नाही. बंदुकीचं गणित इंग्रजीत वाचायचं, पाच मिनिटं चौकातल्यासारखं आपसात बोलायचं आणि शेवटी 'हेन्स'पासून सुरू होणारी दोन इंग्रजी वाक्यं लिहायची. अनेक शिक्षक समजावताना मराठीवर येतातच, पण चोरून आल्यासारखे. शेवटची दोन वाक्यं मात्र सोडून चालणार नाही, कारण खेळातून किंवा गप्पांतून ती कधीच मिळणार नाहीत.

राहिला फोनचा वेळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यावर खेळाने मात करणं आणि नुकसान दिसूनही खेळत राहणं, हे सहसा बारा महिने चालू असेल तरच ते निदान होतं. गप्पा मारणाऱ्या बहुतेक मुलांना ते लागू नाही. त्यांची रात्र हा जास्त जवळचा प्रश्न आहे. ड्युमे आणि गॅस्केल यांनी २००७ मध्ये काही जणांना नवे शब्द सकाळी आठला शिकवले, काहींना रात्री आठला. बारा तासांनी तपासलं तर मधे झोपलेल्यांच्याच डोक्यात ते शब्द जुन्या शब्दांशी जोडले गेले होते. तेरा ते अठरा वयाला झोप लागते रोज आठ ते दहा तास. रात्री एकपर्यंत खेळून सकाळी सहाच्या क्लासला गेलेल्या मुलाच्या हिशेबातून पाच तासही निघत नाहीत. आदल्या दिवशी कळलेला 'व्हेअरअ‍ॅज' त्यातच जातो.

डॉक्टर व्हायचं असलेल्यांनी एक गोष्ट अर्ज भरण्याआधी घरात बोलून घ्यावी. 'नीट' परीक्षा १३ भाषांत देता येते आणि त्यात मराठी आहे. मराठी निवडली तर प्रश्नपत्रिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही मिळतात, अर्थात फरक निघाला तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. दोन वर्षं इंग्रजीत शिकलेल्याला 'परासरण' पाहून 'ऑस्मोसिस' आठवायला वेळ लागू शकतो. म्हणून आधी एक जुनी प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत घड्याळ लावून सोडवावी आणि आपल्याला कुठली लवकर सुटते ते पाहावं.