कॉम्प्युटर का अडतो, दोष कसा शोधायचा

घरातला कॉम्प्युटर वारंवार हँग होऊ लागला की सल्ला ठरलेला असतो : फॉरमॅट मारा. पण दोष रॅममध्ये, डिस्कमध्ये किंवा वीजपुरवठ्यात असेल, तर विंडोज नव्याने टाकूनही थोड्याच दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. म्हणून आधी दोषाची जागा शोधायची आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कॉम्प्युटर सुधारला तरी कशाने सुधारला, हे कळत नाही.

त्याआधी एक काम उरका. कॉम्प्युटर सुरू होतो आहे तोवर फोटो, कागदपत्रे आणि हिशेबाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. दोष डिस्कचा निघाला तर ही संधी पुन्हा मिळेलच असे नाही.

लक्षण ओळखा

स्क्रीन गोठली की लगेच पॉवरचे बटण दाबून ठेवू नका. कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबून पाहा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर विंडोज अजून जागे आहे. एखादा प्रोग्रॅम अडकला असावा किंवा डिस्ककडून माहिती यायला उशीर होत असावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांपैकी कोणाचा आकडा शंभर टक्क्यांजवळ अडकला आहे ते बघा. दिवा हलतच नसेल, तर संशय ड्रायव्हरवर किंवा हार्डवेअरवर घ्यावा.

ब्लू स्क्रीन आली तर तिच्यावरच्या कोडचा मोबाइलवर फोटो काढा. ‘मेमरी मॅनेजमेंट’ हा कोड पुन्हा पुन्हा दिसला तर पहिली तपासणी रॅमची, जरी कधीकधी दोष ड्रायव्हरचा निघत असला तरी. कसलाही संदेश न देता कॉम्प्युटर फटकन बंद पडत असेल, तर उष्णता आणि वीज या दोन गोष्टी आधी तपासायच्या.

प्रत्येक बिघाडाची नोंद विंडोज स्वतःही ठेवते. स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी’ हा शब्द इंग्रजीत टाइप केला की रिलायबिलिटी हिस्टरी उघडते. कोणत्या दिवशी काय कोसळले आणि त्याच सुमारास कोणता प्रोग्रॅम किंवा अपडेट आला, हे तिथे तारखेनुसार दिसते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसली की अनेकजण थेट एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदलायला निघतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच, की कॉम्प्युटर नीट शटडाउन न होता बंद पडला. कारण ती सांगत नाही.

उष्णता

गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू केल्यावर काही वेळाने कॉम्प्युटर अडत असेल तर तापमान मोजणारा एखादा मोफत प्रोग्रॅम चालवा. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सियसच्या आसपास गेले की स्वतःच वेग कमी करतात. त्यानेही भागले नाही तर नुकसान टाळण्यासाठी बंद होतात. प्लग काढून कॅबिनेट उघडा आणि पंखे व हीटसिंकमधली धूळ ब्रशने किंवा ब्लोअरने काढा. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. जुन्या मशीनमध्ये प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली असते, तीही बदलावी लागते.

रॅम आणि डिस्क

विंडोज मेमरी डायग्नोस्टिक हे साधन कॉम्प्युटर रीस्टार्ट करून रॅम तपासते. चूक सापडली किंवा संशय उरला, तर प्लग काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा आणि रॅमच्या पट्ट्या बाहेर काढा. त्यांची सोनेरी टोके खोडरबराने हलकेच साफ करून एकेक पट्टी लावून कॉम्प्युटर चालवा. एकाच पट्टीवर बिघाड होत असेल तर दोषी सापडला. दोन्हींवर होत असेल तर दुसरा स्लॉट वापरून बघा.

डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे. हार्ड डिस्कच्या माहितीत ‘रिअलोकेटेड’ किंवा ‘करंट पेंडिंग’ सेक्टर्सचा आकडा वाढत असेल तर दुरुस्तीच्या फंदात न पडता डिस्क बदला. तब्येत चांगली दिसूनही कॉम्प्युटर अडत असेल तर साटा केबल ढिली आहे का ते पाहा.

वीज

पाण्याचा पंप किंवा फ्रिज सुरू होताच कॉम्प्युटर रीस्टार्ट होत असेल तर आधी यूपीएसची बॅटरी तपासा. काही दिवस कॉम्प्युटर थेट भिंतीतल्या सॉकेटवर चालवून बघा. एसएमपीएसच्या १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट मिळायला हवेत. आकडा बरोबर असूनही भार वाढल्यावर तो ढासळू शकतो, म्हणून दुसरा चांगला एसएमपीएस लावून पाहणे ही खरी परीक्षा. एसएमपीएस स्वतः उघडू मात्र नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज साठलेली असते.

सॉफ्टवेअर

शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट निवडले की येणाऱ्या पर्यायांतून सेफ मोडमध्ये जाता येते. तिथे मोजकेच ड्रायव्हर चालतात. सेफ मोडमध्ये सगळे सुरळीत चालत असेल तर अलीकडे टाकलेला ड्रायव्हर मागे घ्या आणि सुरुवातीलाच चालू होणारे प्रोग्रॅम एकेक करून बंद करा. हे सगळे करूनही भागले नाही आणि हार्डवेअर निर्दोष ठरले, तरच फॉरमॅट.

दुकानात जावे लागलेच तर कोडचे फोटो आणि केलेल्या तपासण्यांची यादी सोबत न्या. तंत्रज्ञाचा वेळ आणि तुमचा खर्च दोन्ही वाचेल. रॅम, डिस्क किंवा एसएमपीएस बदलणे बहुतेक वेळा परवडते. मदरबोर्ड गेला असेल आणि मशीन विंडोज ११ चालवू शकत नसेल, तर त्यावर पैसे घालू नका : विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.