एका टन उसात काय काय असतं?

वस्तू बनवा, वापरा, फेकून द्या, ही सरळ वाट झाली. चक्रीय अर्थव्यवस्थेत एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याचा कच्चा माल होतो. हे पाहायला युरोपात जायची गरज नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्यात गळीत हंगामात कोणत्याही मोठ्या साखर कारखान्यावर चक्कर मारा.

एक टन ऊस गाळला की साखर साधारण 100 किलो. मग उरतं काय? जवळपास 280-300 किलो चिपाड, म्हणजे बगॅस. ते बॉयलरमध्ये जळतं, त्यावर कारखाना चालतो आणि सहवीजनिर्मिती असेल तर उरलेली वीज ग्रिडला जाते. 40 किलोच्या आसपास मोलॅसिस निघतं, त्यापासून इथेनॉल. रस स्वच्छ करताना उरणाऱ्या गाळाचं, म्हणजे प्रेसमडचं, कंपोस्ट पुन्हा शेतात जातं. प्रेसमडपासून वाहनांसाठी गॅसही बनतो; केंद्र सरकारच्या 2018 च्या 'सतत' योजनेनंतर या गॅसला चालना मिळाली. डिस्टिलरीच्या सांडपाण्यात, म्हणजे स्पेंटवॉशमध्ये, पालाश असतं, ते खत म्हणून परत मिळवता येतं. मला हा भाग सगळ्यात भारी वाटतो: जमिनीतून उचललेलं जमिनीला परत.

पण हे चक्र अजून पुरं नाही. आपला जिल्हा अवर्षणप्रवण, आणि ऊस उजनी धरणाच्या पाण्यावर. उसाच्या वजनात सुमारे 70 टक्के पाणीच असतं. ते कारखान्यात बाष्प होतं, थंड करून पुन्हा वापरता येतं. शेतात मात्र ठिबक सर्वत्र पोहोचलेलं नाही. पुढच्या काळात कारखान्यांनी विजेसारखाच पाण्याचाही हिशेब दर हंगामाला जाहीर करावा, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या भागातल्या कारखान्यात प्रेसमडचं काय करतात? कमेंटमध्ये नक्की लिहा.