कारभार गावचा, भाग ७ : सभागृहच नसेल तर जाब कोण विचारणार?

गेल्या आठवड्यात जिल्हा परिषदेच्या तिजोरीत पैसा कुठून येतो ते पाहिलं. आज त्या पैशाचा आणि धोरणाचा जाब कोण विचारतं, कुठे विचारतं, ते पाहू. उदाहरण वेल्हे तालुक्यातलंच घेऊ. (मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय घेतला, लोकांच्या तोंडी अजून वेल्हंच आहे.)

सप्टेंबर २०२३ मध्ये शालेय शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्याजिल्ह्यांतून मागवले. राज्यात अशा १४,७८३ शाळा, त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं. नमुना म्हणून दोन नावं पुढे केली होती : नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि आपलं पानशेत. म्हणजे आसपासच्या वाड्यांतली मुलं बसने एका शाळेत आणण्याचा वेल्ह्यातला प्रयोग अख्ख्या राज्याच्या धोरणाचा दाखला झाला.

आता पानशेत धरणाच्या पाण्यामागच्या एखाद्या वाडीतल्या आईच्या जागी उभं राहून पाहा. शाळेची बस आषाढात दरड आली तर कुठवर येते? ती बंद पडली तर त्या दिवशी मुलांनी काय करायचं? बसचा खर्च यंदा देणगीतून निघाला, पुढच्या वर्षी कोण देणार? पहिलीतलं पोर संध्याकाळी किती वाजता घरी पोचतं? राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. ती नसेल तर वाहनाची सोय ही मेहेरबानी उरत नाही, तो मुलाचा हक्क होतो. हे प्रश्न साधे आहेत आणि त्यांची उत्तरं जिल्हा परिषदेकडेच आहेत, कारण शाळा तिची आहे.

विचारण्याची जागाही कायद्याने ठरवून दिली आहे. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा झाला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. तीन महिन्यांतून किमान एकदा सर्वसाधारण सभा. एका बाजूला अध्यक्ष, सभापती, सदस्य. दुसऱ्या बाजूला मुख्य कार्यकारी अधिकारी आणि खातेप्रमुख. २०१७ च्या निवडणुकीत पुणे जिल्हा परिषदेच्या ७५ सदस्यांपैकी वेल्ह्याचे दोन होते. पंचाहत्तरात दोन म्हणजे फार नाहीत, पण शिक्षणाधिकाऱ्याला समोर बसवून पानशेतच्या बसचं विचारायला एकही पुरतो. अधिकारी उत्तर देतो, ते इतिवृत्तात येतं आणि पुढच्या सभेत तोच सदस्य इतिवृत्त हातात धरून ‘मागच्या वेळी हे सांगितलं होतं, त्याचं काय झालं?’ म्हणतो. मला सगळ्या व्यवस्थेत हा दुसऱ्या सभेतला प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो.

पण समूह शाळांचं पत्र निघालं तेव्हा हे सभागृह रिकामं होतं. सदस्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले, निवडणूक लांबली. मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे असं राज्यघटनेचं कलम २४३-ई सांगतं. तरीही सर्वोच्च न्यायालयाला ६ मे २०२५ रोजी चार आठवड्यांत अधिसूचना काढा असा आदेश द्यावा लागला, तोवर तीन वर्षं उलटून गेली होती. या काळात मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक. प्रस्ताव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच, राबवणाराही तोच. अधिकारी कर्तबगार असू शकतो, पानशेतची शाळा चांगली असू शकते; पण चांगल्या कामालाही विचारणारा लागतो. नाहीतर त्यातलं काय मोडतंय हे फक्त त्या वाडीला ठाऊक राहतं.

मग प्रश्न गेला कुठे? उरलं विधानभवन.

भोर मतदारसंघात भोर, वेल्हे आणि मुळशी असे तीन तालुके; आमदार एक. त्यांनी तारांकित प्रश्न दिला तर तो ठरलेल्या साच्यात छापला जातो : अमुक गोष्ट घडली हे खरे आहे काय, असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत? हा प्रश्न मंत्रालयातून जिल्हा परिषदेला, तिथून गटशिक्षणाधिकाऱ्याला, केंद्रप्रमुखाला आणि शेवटी मुख्याध्यापकाला येतो, बहुतेकदा ‘माहिती आजच द्या’ अशा निरोपासह. मुख्याध्यापक पट लिहितो, बसच्या फेऱ्या लिहितो. ते उत्तर पुन्हा पायऱ्या चढतं, प्रत्येक पायरीवर एखादं वाक्य गळतं आणि वर पोचेपर्यंत ‘हे अंशतः खरे आहे’ एवढं उरतं. दरड, संध्याकाळची वेळ, आईची काळजी यांतलं काही त्यात मावत नाही. शिवाय विधानभवनात विषय पानशेतचा राहत नाही, १४,७८३ शाळांचा होतो. तो तसा व्हायलाही हवा, धोरणावर चर्चा तिथेच व्हायची. पण मोठ्या सभागृहातल्या मोठ्या प्रश्नाने छोट्याचं काम होत नाही.

ब्रिटनमध्ये १९९९ साली स्कॉटलंडला स्वतःची संसद मिळाली, तेव्हा लंडनच्या संसदेने नियमच करून टाकला : जे विषय तिकडे दिले त्यांवर इकडच्या मंत्र्यांना प्रश्न विचारायचे नाहीत. ज्याच्याकडे अधिकार, त्याच्याच सभागृहात जाब. स्कॉटलंडच्या फर्स्ट मिनिस्टरना दर गुरुवारी दुपारी तिथले सदस्य विचारतात. आपल्याकडे ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी २९ विषयांची यादी दिली, पण पैसा आणि अधिकारी राज्याचेच राहिले. त्यामुळे मुंबईतही जिल्हा परिषदेबद्दल विचारता येतं. हे चांगलं की वाईट यावर वाद होऊ शकतो. जिल्ह्याचं सभागृह जिवंत असेल तर तो दुहेरी पहारा असतो. ते नसेल तर मुंबईच्या एकाच पहारेकऱ्यावर भार पडतो.

आमदारांची आणखी एक वाट आहे, पंचायत राज समिती. गावात तिला ‘पीआरसी’ म्हणतात. दोन्ही सभागृहांतले आमदार जिल्ह्यात येतात, लेखापरीक्षणातल्या आक्षेपांवर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष घेतात, पंचायत समित्या, शाळा, आरोग्य केंद्रांना भेटी देतात. ती येणार म्हटलं की दप्तरं लावली जातात, भिंतींना रंग लागतो. समितीचा धाक खरा आहे आणि तो हवाच. अडचण एवढीच की समोरचा अहवाल बहुतेकदा काही वर्षं मागचा असतो. ज्या मुलाची बस चुकली ते तोवर हायस्कुलात गेलेलं असतं.

तळाला ग्रामसभा राहते. ती कधी बरखास्त होत नाही, कारण तिचे सदस्य म्हणजे गावचे सगळे मतदार. वर्षातून किमान चार सभा, गणपूर्तीला शंभर किंवा पंधरा टक्के मतदार, यांत कमी असेल तो आकडा. तिच्या जोडीला शाळा व्यवस्थापन समिती, जिच्यात पंचाहत्तर टक्के पालक असतात. ग्रामसभेला शिक्षणाधिकाऱ्याकडून जागेवर उत्तर घेता येत नाही, पण तिचा लेखी ठराव वर जातो. तालुक्याच्या नावाचा विषय मंत्रिमंडळापर्यंत गेला त्यामागेही गावोगावच्या ग्रामपंचायतींचे ठराव होते.

म्हणून नव्या सभागृहात वेल्ह्यातून निवडून जाणाऱ्यांनी पहिल्याच सर्वसाधारण सभेसाठी पानशेतचा प्रश्न लेखी द्यावा, सोबत ग्रामसभेचा ठराव जोडावा : कोणत्या वाड्यांची मुलं येतात, गेल्या पावसाळ्यात बस किती दिवस आली नाही, पुढच्या वर्षीच्या खर्चाची तरतूद अंदाजपत्रकात कुठल्या शीर्षाखाली आहे. आणि उत्तर मिळालं की पुढच्या सभेची तारीख वहीत लिहून ठेवावी.

(पुढच्या आठवड्यात : लेखापरीक्षणातला आक्षेप कसा वाचायचा.)