खडकाआडची टपालपेटी

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यात, डार्टमूर नावाचा उंचसखल ओसाड माळ आहे. कॉनन डॉयलनं शेरलॉक होम्सला बास्करव्हिलांच्या शिकारी कुत्र्याच्या मागावर धाडलं, तो हाच. गवत, दलदल, बघता बघता उतरणारं धुकं आणि टेकड्यांच्या माथ्यावर ग्रॅनाइटचे उघडेबोडके खडक. या खडकांना तिथे टॉर म्हणतात. सुट्टीच्या दिवशी पाठीवर सॅक आणि हातात होकायंत्र घेऊन त्यांच्या कपारी चाचपणारी माणसं दिसतात, आजोबांपासून नातवंडांपर्यंत. त्यांचं काही हरवलेलं नसतं. ती टपालपेटी शोधत असतात.

हा उद्योग सुरू झाला १८५४ साली. चॅगफर्ड गावचा वाटाड्या जेम्स पेरट हौशी पाहुण्यांना माळावर फिरवून आणायचा. क्रॅनमियर पूल हे त्यातलं मानाचं ठिकाण. नाव तळ्याचं, पण तिथे पाणी नाही, काळ्याभोर पीट मातीचा नुसता खळगा. बघायला म्हणावं तर काहीच नाही. मात्र तिथवर पोचणं कठीण, म्हणून पोचल्याची फुशारकी मोठी. पेरटनं तिथे एक बाटली ठेवली. येईल त्यानं आपलं व्हिजिटिंग कार्ड तीत टाकायचं. पुढे लोक स्वतःचा पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड ठेवू लागले. नंतर येणाऱ्यानं ते नेऊन टपालात टाकायचं. कार्ड घरी यायला लागलेल्या दिवसांवरून तिथे मधल्या काळात कुणी फिरकलं की नाही, याचा अंदाज यायचा.

तळं कोरडं का, याचं उत्तर स्थानिकांकडे तयार आहे. ओकहॅम्प्टनच्या एका महापौराचं भूत गावाला छळू लागलं, तेव्हा चाळणीनं हे तळं उपसायची शिक्षा त्याला झाली. भूत बिलंदर निघालं. माळावर मेलेल्या मेंढीचं कातडं त्यानं चाळणीला आतून लावलं आणि पाणी असं भराभर उपसलं, की खालचं ओकहॅम्प्टनच बुडालं.

दुसरी पेटी १८९४ साली बेलस्टोन टॉरवर आली. १९३७ साली 'वेस्टर्न मॉर्निंग न्यूज' या वृत्तपत्राच्या पुढाकारानं क्रॅनमियरला पक्की दगडी पेटी बांधली गेली. पुढच्याच वर्षी डक्स पूलला तिसरी, डार्टमूरची वाट न् वाट लिहून ठेवणाऱ्या विल्यम क्रॉसिंगच्या स्मरणार्थ. म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांत पेट्या तीन! खरी झुंबड उडाली ती १९७० नंतर. आता पेट्यांची संख्या हजारांत गेली आहे. बहुतेक म्हणजे प्लास्टिकचे साधे डबे. आत एक वही आणि एक रबरी शिक्का, तोही अनेकदा हातानं कोरलेला. डब्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का डब्यातल्या वहीत, आणि डबा होता तसा दगडाआड सरकवून ठेवायचा.

पेटी शोधण्याचा संकेत साधारण असा असतो: उंच टॉर ६५ अंशांवर, चर्चचा मनोरा १७० अंशांवर, एकट्या काटेरी झाडापासून १२ पावलं, आडव्या शिळेखाली. दोन्ही कोन एकाच वेळी जुळतील अशी जागा माळावर एकच. होकायंत्राच्या काट्यावर टॉर ७० अंशांवर दिसला, तर जरा दक्षिणेला सरकायचं, मग मनोरा पुन्हा तपासायचा. एरवी माणसं माथ्यावर जातात, 'वा!' म्हणतात, फोटो काढतात आणि उतरतात. इथे समोरच्या प्रत्येक टेकडीचं नाव नकाशाशी ताडून बघावंच लागतं. नजारा नीट वाचल्याशिवाय डबा मिळत नाही, हीच या खेळाची खरी खुबी. धुकं उतरलं, की टॉर आणि मनोरा दोन्ही गायब, आणि संकेताचा कागद खिशात घालून परतायचं.

आणखी एक अडचण तोफांची आहे. उत्तर डार्टमूरचा मोठा भाग लष्कराच्या गोळीबाराच्या सरावासाठी आहे आणि क्रॅनमियरही त्याच हद्दीत येतं. माथ्यावर लाल निशाण फडकत असेल, तर पलीकडे पाऊल टाकायचं नाही. सरावाचं वेळापत्रक आधी जाहीर होतं, ते पाहूनच लोक बेत आखतात. पेटी लपवणाऱ्यांनाही नियम आहेत. प्राचीन दगडी अवशेषांत डबा ठेवायचा नाही, सिमेंट वापरायचं नाही.

१९९८ साली 'स्मिथसोनियन' मासिकातल्या एका लेखानं हे वेड अमेरिकेत नेलं. दोन वर्षांनी, मे २००० मध्ये, अमेरिकेनं नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये पहिला जिओकॅश, म्हणजे जीपीएसच्या मदतीनं शोधायचा डबा, लपवला गेला. या नव्या खेळात उपग्रह थेट जागेजवळ नेऊन सोडतो. सोयीचं खरं, पण जुन्या खेळियांना ते फारसं रुचत नाही.

डार्टमूरवर शंभर पेट्यांचे शिक्के जमवणाऱ्याला 'हंड्रेड क्लब'मध्ये जागा मिळते. इथल्या काही पेट्या तर मुळी पेट्याच नसतात, एखाद्याच्या खिशातला शिक्का असतो, आणि तो माणूस भेटेल तिथे शिक्का मागून घ्यावा लागतो. काहींचा ठावठिकाणा कुठेच छापलेला नसतो, तो फक्त तोंडी सांगतात. त्यासाठी होकायंत्रापेक्षा ओळखीपाळखी जास्त लागतात.