तडकलेल्या मण्यातलं यीस्ट

फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस आला, की सांगलीकडच्या तासगाव-पलूसच्या द्राक्ष बागायतदारांचा जीव टांगणीला लागतो. मणी तडकतात, व्यापारी भाव पाडतो, घडच्या घड बांधावर जातात. मात्र पाव फुगवणारं, द्राक्षाची वाइन आणि सातूची बिअर करणारं यीस्ट रानातून मिळवायचं असेल, तर शोध याच तडकलेल्या मण्यांपासून सुरू करावा.

द्राक्षावरच्या पांढुरक्या मेणचट थरात यीस्ट असतं, असा समज आहे. तिथे यीस्ट असतं, पण बहुतेक वेगळ्या जातींचं. मॉर्टिमर आणि पोल्सिनेल्ली या संशोधकांनी १९९९मध्ये इटलीतल्या बागांवर संशोधन प्रसिद्ध केलं. बिअर-वाइनचं नेहमीचं यीस्ट, सॅकरोमायसीस सेरेव्हिसी, त्यांना धड मण्यांत हजारात एखाद्यावर मिळालं. फुटलेल्या मण्यांत मात्र चारातल्या एकावर. फुटलेल्या मण्याला गोड रस सुटतो आणि त्यावर गांधीलमाश्या येतात. फ्लोरेन्सच्या संशोधकांनी २०१२मध्ये दाखवलं, की हे यीस्ट गांधीलमाशीच्या पोटात हिवाळा काढतं आणि राणीमाशीकडून पुढच्या पिढीच्या अळ्यांत उतरतं. बागेत जिचा आपण तिरस्कार करतो, ती यीस्टचं बियाणं सांभाळते.

आपल्या भागात अडचण फवारणीची आहे. बुरशीनाशकांनी यीस्टही मरतं, म्हणून परसातला, औषध न मारलेला वेल उत्तम. बेदाणा इथे ढिगांनी मिळतो, पण त्यावर भिस्त ठेवू नये. शेडमध्ये वाळवण्याआधी द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, पिवळ्या बेदाण्याला पुढे गंधकाची धुरीही देतात. त्यातून तगलेलं यीस्ट क्वचितच हाती लागतं.

प्रयोगशाळेतली रीत अशी. लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम सातूच्या माल्टचा अर्क विरघळवून उकळायचा. उकळताना चिमूटभर हॉप्स टाकले की काही जिवाणू दबतात. गार झाल्यावर लिंबाच्या रसाने सामू साडेचारच्या खाली आणायचा, कारण आंबट पाण्यात घातक जिवाणूंना वाढणं जड जातं. मग तीन-चार तडकलेले मणी टाकून तोंडावर फडकं बांधायचं. काही दिवसांत बुडबुडे दिसतात. वर रंगीत, लोकरीसारखी बुरशी आली, तर सगळं फेकून द्यायचं. वरचा थर काढून बाकीचं वाचवू नये. सुरुवातीचा वास बहुधा वाईटच असतो, आणि या टप्प्यावर चव मुळीच घ्यायची नाही. तळाचा साका नव्या माल्टमध्ये दोन-तीनदा पालटला, की मूळचे जिवाणू मागे पडतात.

खरी परीक्षा इथे होते. फळावरची हॅन्सेनियास्पोरासारखी यीस्टं द्राक्षाची साखर पटकन खातात, पण माल्टमधली मुख्य साखर, माल्टोज, त्यांना पचत नाही. द्राक्षरसात जोरात फसफसलेली बरणी म्हणून माल्टमध्ये थंड पडते. नेलपॉलिशसारखा उग्र वास टिकून राहिला, तर ते यीस्ट बिअरच्या कामाचं नाही. लवंगेचा किंवा पिकल्या फळाचा वास आला, फेस धरला आणि साका घट्ट बसला, तर ते आगरच्या थाळीवर रेघा ओढून एकेका पेशीपासून वेगळं करावं. एमिल हॅन्सनने १८८३मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं, आणि मग बिअरच्या कारखान्यांतून रानटी यीस्टची हकालपट्टी झाली. ब्रुसेल्सच्या परिसरात मात्र लँबिक बिअरसाठी उकळलेला रस आजही रात्रभर उघड्या, पसरट हौदात ठेवतात.

आपल्या शेजारी गोव्यात रानटी यीस्टवर आंबवणं अजून जिवंत आहे. गळून पडलेले काजूचे बोंडू तुडवून काढलेला रस दोन-तीन दिवस आंबू देतात. विकतचं यीस्ट कोणी घालत नाही. एकदा ऊर्ध्वपातन केलं की हुर्राक, पुन्हा केलं की फेणी. २००९मध्ये गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. सांगलीच्या बेदाण्यालाही ते आहे, पलूसला वाइन पार्क आहे. मात्र इथल्या वेलीवरच्या यीस्टला अजून नाव नाही. मला हे खटकतं. सांगलीच्या विश्रामबागेत १९१९मध्ये स्थापन झालेलं विलिंग्डन महाविद्यालय आहे, बागा तासाभराच्या आत आहेत. दर हंगामात वेगवेगळ्या गावांतले मणी तपासून चांगले वाण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मजीव संग्रहाकडे पाठवणं विद्यार्थ्यांना जमण्याजोगं आहे.

घरी बिअर करू नये. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९नुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. या यीस्टने बिअर करून पाहण्याची चाचणी परवानाधारक मायक्रोब्रुअरीकडेच द्यावी. २००९मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाल्यापासून राज्यात अशा जागा बऱ्याच झाल्या आहेत. घरच्यांसाठी पाव आहे. तेच मणी कुस्करून गव्हाच्या पिठात कालवावेत, दुसऱ्या दिवशी साली काढाव्यात, आणि रोज निम्मं पीठ काढून तितकंच ताजं पीठ-पाणी घालावं. सांगलीच्या मार्चमधल्या उकाड्यात आठवडाभरात ते दुप्पट फुगू लागतं. मग फ्रिजमध्ये ठेवावं आणि आठवड्यातून एकदा खुराक द्यावा.