खावटी वेळेवर का पोहोचली नाही?



कोरोनाच्या काळात आपल्या मंडळ्यांनी पाठवलेल्या धान्याचा हिशेब आपण या पत्रकात छापला, तेव्हा एका वाचकांनी सरळ विचारले होते, "आदिवासींना सरकार खावटी देते ना? मग मिशनला तांदूळ-डाळ का वाटावी लागली?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पाड्यावर सुरू होते आणि मुंबईच्या विधानभवनात जाऊन पोहोचते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी खावटी म्हणजे काय ते सांगते. डोंगराळ भागात नाचणी, वरई आणि थोडा भात पिकतो. दिवाळीच्या सुमारास घरात आलेले धान्य पुढच्या आषाढापर्यंत संपते आणि नवे पीक यायला अजून तीन-चार महिने असतात. शेतात लावणीचे काम भरपूर, पण कणगी रिकामी. या दिवसांत पूर्वी लोक सावकाराकडे जात. ते थांबावे म्हणून राज्याने 1978 मध्ये आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज सुरू केले. पुढे 2013 नंतर ते बंद पडले.

काही कुटुंबांची, विशेषतः आमच्या कातकरी बांधवांची, गोष्ट आणखी अवघड असते. पावसाळ्यात घर चालवायला ते वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतात. ती फेडायला दिवाळीनंतर बायकापोरांसह भट्टीवर जायचे, ते पाऊस तोंडावर आल्यावर परतायचे. मुलांची शाळा तिथेच सुटते. म्हणून खावटी श्रावणात मिळते की पौषात, याने त्या घराचे सगळे वर्ष बदलते. योसेफाने मिसरातली कोठारे दुष्काळ चालू असताना उघडली, दुष्काळ संपल्यावर नव्हे.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, ती भट्टीच्या ऐन हंगामात. कामे थांबली आणि अनेकांचा हिशेबही झाला नाही. आश्रमशाळा बंद झाल्याने मुले घरी आली, म्हणजे तिथे मिळणारे त्यांचे जेवण बंद झाले आणि घरी खाणारी तोंडे वाढली. रेशनचा तांदूळ मिळत होता, हे मान्य केले पाहिजे. पण ज्यांचे कार्ड नव्हते किंवा दुसऱ्या गावी होते, त्यांच्यापर्यंत तो सहज गेला नाही. तेल, मीठ, डाळ तर विकतचीच.

ऑगस्ट 2020 मध्ये मंत्रिमंडळाने खावटी पुन्हा सुरू केली, या वेळी कर्ज म्हणून नव्हे, पूर्ण अनुदान म्हणून. 11 लाख 55 हजार कुटुंबांना प्रत्येकी 4 हजार रुपये, त्यातले 2 हजार रोख आणि 2 हजारांच्या वस्तू, एकूण खर्च 486 कोटी. रोजगार हमीवर काम केलेले, आदिम जमाती, वनहक्क मिळालेले, विधवा, परित्यक्ता, भूमिहीन अशी कुटुंबे त्यात धरली होती. निर्णय चांगलाच होता. पण पावसाळा अर्धा सरला होता आणि अजून अर्ज भरणे, खाते तपासणे, वस्तूंची खरेदी हे सगळे व्हायचे होते. 2021 चा पावसाळा आला तरी वाटप चालूच होते. आमच्या पाड्यावर किट आले त्या दिवशी एका म्हातारीने पिशवीतली मटकी चाचपून मला विचारले, "ताई, ही गेल्या सालची का औंदाची?"

आता विधिमंडळाकडे येते. त्या वर्षी अर्थसंकल्पी अधिवेशन 14 मार्चला आवरते घेतले. पावसाळी अधिवेशन जूनमधून ऑगस्टमध्ये आणि तिथून सप्टेंबरमध्ये गेले. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर नको, असे राज्यघटनेचे बंधन आहे. त्यामुळे अखेर 7 आणि 8 सप्टेंबरला दोन दिवसांचे कामकाज झाले. डिसेंबरचे अधिवेशन नागपूरऐवजी मुंबईत झाले, तेही दोनच दिवस. साथ होती, सभागृहात गर्दी धोक्याची होती, हे कारण खोटे नाही. तरी त्या दोन दिवसांत काय वगळले आणि काय ठेवले, ते पाहावे. 29 हजार कोटींहून अधिक रकमेच्या पुरवणी मागण्या आल्या, एका वृत्तवाहिनीच्या संपादकावरील हक्कभंगाच्या प्रस्तावालाही वेळ मिळाला. वगळला तो प्रश्नोत्तराचा तास. पुढच्या वर्षी जुलैमध्ये पुन्हा दोनच दिवस मिळाले, आणि पहिल्याच दिवशी गोंधळावरून 12 आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. (ते निलंबन पुढे सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले.) कोणत्या पक्षाचे चुकले हा माझा विषय नाही. पाड्याच्या वाट्याला किती मिनिटे आली, एवढेच मी पाहते.

प्रश्नोत्तराचा तास गेला तर एवढे काय बिघडते, असे वाटेल. एखाद्या आमदाराने "अमुक तालुक्यात खावटीचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, वाटप का झाले नाही" असा तारांकित प्रश्न दिला, की तो मंत्रालयातून आदिवासी विकास विभागाकडे आणि तिथून प्रकल्प कार्यालयाकडे जातो. तिथल्या माणसाला आकडे गोळा करून ठरलेल्या मुदतीत पाठवावे लागतात, कारण मंत्र्यांना सभागृहात उभे राहून उत्तर द्यायचे असते. सभागृहाची दिशाभूल झाली तर हक्कभंग होऊ शकतो. अनेकदा प्रश्न सभागृहात पुकारला जाण्याआधीच काम होऊन जाते. एरवी आमच्यासारख्यांनी कार्यालयात दहा खेपा घातल्या, तरी "वरून आले नाही" एवढेच ऐकायला मिळते.

2011 च्या जनगणनेप्रमाणे राज्यात एक कोटीहून अधिक आदिवासी आहेत, म्हणजे लोकसंख्येच्या 9.35 टक्के. विधानसभेच्या 288 जागांपैकी 25 त्यांच्यासाठी राखीव आहेत. पण प्रश्न त्या 25 जणांनीच विचारावा, असा काही नियम नाही. आपले बहुतेक वाचक शहरांत राहतात आणि त्यांचाही एक आमदार असतो. त्याला पत्र लिहिता येते. पत्रात तालुका, योजनेचे नाव आणि मिळवायचा आकडा नेमका लिहावा, नुसते "आदिवासींकडे लक्ष द्या" लिहून तारांकित प्रश्न तयार होत नाही. अधिवेशन सुरू होण्याच्या बऱ्याच आधी पत्र पोहोचले पाहिजे, कारण प्रश्नांच्या सूचना आगाऊ द्याव्या लागतात. कोणत्या पाड्यावर काय अडले आहे याची टिपणे आमच्याकडे असतात. ज्यांना हवी असतील त्यांनी आपल्या पाळकांमार्फत कळवावे, मी पाठवीन.