आधी भीती जागी करा, मग चुंबक लावा

ओसीडीसाठी, म्हणजे आपल्याकडे ज्याला मंत्रचळ म्हणतात त्या आजारासाठी, मेंदूला चुंबकीय ठोके घ्यायला माणूस खुर्चीत बसला, की मशीन लगेच सुरू करत नाहीत. आधी त्याची भीती जागी करतात. घाणीची धास्ती असेल तर शिवायची शिसारी येते अशा वस्तूला हात लावायला सांगतात. शंका छळत असेल तर विचारतात, "गॅस नक्की बंद केलात ना? नीट आठवतंय?" पोटात गोळा आला, उठून खात्री करून घ्यायला जीव कासावीस झाला, की मग डोक्यावरच्या हेल्मेटातून टकटक सुरू होते.

भीती किती जागवायची यालाही माप आहे. नुसती चुळबुळ पुरत नाही आणि माणूस कोलमडून पडेल इतकी घबराटही नको. मधल्या पट्टीतली अस्वस्थता हवी. ती कशाने येईल हे रुग्णाशी बोलून आधीच ठरवतात, कारण प्रत्येकाची भीती वेगळी असते.

हा खटाटोप कशासाठी? ओसीडीत मेंदूतलं जे जाळं पुन्हा पुन्हा पेटतं, ते पेटलेलं असतानाच ठोके दिले तर परिणाम नेमका त्याच्यावर होतो, असा यामागचा विचार आहे. तवा तापलेला असतानाच पोळी टाकायची. इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातले अब्राहम झांगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विचार सिगारेट ओढणाऱ्यांवरही तपासला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ठोक्यांआधी काहींना सिगारेटची तल्लफ मुद्दाम आणवली होती. जलद ठोके आणि जागी केलेली तल्लफ हे दोन्ही जिथे एकत्र आले, तिथे सिगारेटी सर्वांत जास्त सुटल्या.

मेंदूतली 'चुकलं, चुकलं' घंटी

ओसीडी म्हणजे कपाटातले शर्ट रंगांप्रमाणे लावण्याची हौस नव्हे. नीटनेटक्या माणसाला नीटनेटकेपणात सुख मिळतं. ओसीडीच्या माणसाला हात धुण्यात सुख नसतं, काही मिनिटांची सुटका असते, आणि ती संपली की पुन्हा नळ. काहींचा आजार तर बाहेरून दिसतही नाही. देवासमोर हात जोडले की मनात शिवी येते, तान्ह्या बाळाला उचललं की 'हातून काही भलतंच घडलं तर?' असा विचार घुसतो, आणि तो पुसण्यासाठी मनातल्या मनात आकडे मोजणं, जप करणं तासन्‌तास चालतं. असे विचार ज्याला येतात त्याला त्यांचीच सर्वांत जास्त किळस असते. घरच्यांनी त्याच्या चांगुलपणावर शंका घ्यायचं काही कारण नाही.

आपण एखादी चूक केली, की सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत मेंदूत एक विद्युत संकेत उमटतो. डोक्याला इलेक्ट्रोड लावून तो टिपता येतो. ओसीडी असलेल्यांमध्ये हा 'चुकलं' संकेत सरासरीने मोठा आढळतो. डोळ्यांच्या वर, कपाळामागे असलेला मेंदूचा भाग, मध्यरेषेत खोल दडलेला अँटिरिअर सिंग्युलेट, त्याखालचे कॉडेट आणि थॅलॅमस अशी ही साखळी आहे, आणि तिच्यात एकच सूचना गोल गोल फिरत राहते. हात स्वच्छ आहेत हे त्या माणसाला कळत असतं. तरी घंटी थांबत नाही. म्हणूनच 'अरे, सोड ना तो विचार' हा सल्ला देणाऱ्याला कितीही सोपा वाटला, तरी ऐकणाऱ्याच्या काही उपयोगाचा नाही.

व्हिएन्ना, व्हिएन्ना, पुन्हा व्हिएन्ना

चुंबक आणि मन यांची गाठ बांधली ती व्हिएन्नातल्या फ्रांत्स मेस्मर या डॉक्टराने. १७७४ मध्ये त्याने एका रुग्ण स्त्रीला लोह मिसळलेलं पेय पाजून तिच्या अंगावर चुंबक ठेवले. पुढे तो पॅरिसला गेला, चुंबक बाजूला पडले, आणि नुसत्या हातवाऱ्यांनी 'प्राणिज चुंबकत्व' वाहतं असा त्याचा दावा राहिला. लोक मूर्च्छा येऊन पडत आणि बरं वाटलं म्हणत.

१७८४ साली सोळाव्या लुईने चौकशी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते आणि ज्यांचं नाव पुढे शिरच्छेदाच्या यंत्राला मिळालं ते डॉ. गिलोतँही होते. फ्रँकलिन यांच्या बागेतलं एक झाड मेस्मरच्या शिष्याकडून 'चुंबकित' करून घेतलं आणि डोळे बांधलेल्या एका मुलाला एकेका झाडाजवळ नेलं. चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला. चुंबकित झाड वेगळंच होतं, बरंच लांब! समितीने निष्कर्ष काढला की काम करते ती कल्पना, चुंबकत्व नव्हे.

या मुलाची गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण आजचा चुंबकीय उपचार उभा आहे तो त्याच कसोटीवर. आज ओसीडीच्या चाचणीत निम्म्या रुग्णांच्या हेल्मेटात खोटी कॉइल, म्हणजे ठोके देणारं तारेचं वेटोळं, चालते. आवाज तसाच, डोक्याला टोचणी तशीच, फक्त मेंदूपर्यंत काही पोचत नाही. खरी कोणाला आणि खोटी कोणाला हे रुग्णाला माहीत नसतं, तपासणाऱ्यालाही नसतं.

व्हिएन्नाची कथा मात्र तिथे संपत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच शहरातल्या पोलाचेक आणि बेअर या दोघांनी विद्युतचुंबकीय कॉइल डोक्याशी धरून औदासीन्य आणि मनोविकार बरे करण्याच्या यंत्रासाठी पेटंट मागितलं. आणि १९०७ साली, त्याच गावात, सिग्मंड फ्रॉइडने उंदरांच्या भयानक कल्पनेने पछाडलेल्या एका तरुणावर उपचार सुरू केले. ओसीडीच्या इतिहासात तो रुग्ण 'रॅट मॅन' म्हणून ओळखला जातो. पण त्या काळच्या कॉइलमध्ये मेंदूच्या पेशी हलवण्याइतका जोर नव्हता. १८९६ मध्ये पॅरिसच्या दार्सोनव्हाल यांनी माणसाचं डोकं मोठ्या कॉइलमध्ये घातलं, तेव्हा डोळ्यांपुढे प्रकाश लुकलुकला आणि घेरी आली, एवढंच. तो प्रकाशही बहुधा डोळ्याच्या पडद्याचा होता, मेंदूचा नव्हे.

शेफिल्डमध्ये बोट हललं

खरी मजल मारली इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी, १९८५ साली. डोक्यावर कॉइल धरली, एक ठोका दिला आणि समोरच्याचा हात आपोआप हलला. त्याआधी पाच वर्षं लंडनमध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी हेच विजेने करून दाखवलं होतं, पण त्यात टाळू चांगलीच दुखायची. चुंबकाने ते दुखणं गेलं.

तत्त्व मायकेल फॅरडेचं, १८३१ सालचं, शाळेत शिकलेलं. बदलतं चुंबकीय क्षेत्र वाहकात वीज निर्माण करतं. इथे वाहक म्हणजे मेंदू. कॉइलमधून हजारो अँपिअरचा प्रवाह मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ सोडतात. क्षेत्र दीड-दोन टेस्लापर्यंत चढतं, म्हणजे एमआरआय मशीनच्या तोडीचं, आणि लगेच उतरतं. विजेला कवटी अडवते. चुंबकीय क्षेत्राला ती नसल्यासारखीच.

म्हणून चुंबकीय गादी, चुंबकीय कडं, चुंबकाचं पाणी यांचा या उपचाराशी काडीचाही संबंध नाही. स्थिर चुंबक वर्षभर उशाशी ठेवला तरी त्याचं क्षेत्र बदलत नाही, आणि क्षेत्र बदललं नाही तर पेशीत वीज उठत नाही. गावोगावी बैठका घेऊन अशा गाद्या महागात विकल्या गेल्या आहेत. घरातल्या आजारी माणसाच्या नावाने पैसे काढताना एवढं भौतिकशास्त्र लक्षात असावं.

अंगठा की पाऊल?

ठोक्याचा जोर सगळ्यांना सारखा नसतो. नैराश्याच्या उपचारात हाताचा अंगठा जेमतेम उडेल इतका जोर शोधतात आणि त्यावरून मात्रा ठरवतात. ओसीडीत ठोके जास्त खोल पोचवायचे असतात, तिथे अंगठ्याऐवजी पाऊल पाहतात. कारण भूगोलाचं आहे. मेंदूत पायाची जागा मध्यरेषेला, दोन गोलार्धांच्या फटीत आहे, आणि अँटिरिअर सिंग्युलेट त्याच फटीत पुढे आणि खोल बसलेला आहे.

आठच्या आकड्यासारखी नेहमीची कॉइल कवटीखाली साधारण दोन सेंटिमीटरपर्यंत पोचते. अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य-संशोधन संस्थेत असताना यिफ्ताख रोथ आणि झांगेन यांनी वळणावळणांची 'एच' कॉइल रचली. ती जास्त खोल जाते, मात्र नेमकेपणा थोडा सोडून.

अठ्ठावन्न हजार ठोके

ओसीडीवर पहिला महत्त्वाचा प्रयत्न १९९७ चा, अमेरिकेतला. १२ रुग्णांना कपाळाच्या उजव्या बाजूवर एकदाच ठोके दिले आणि सक्तीच्या ऊर्मी पुढचे आठ तास कमी झाल्या. आठच तास! तरी दार किलकिलं झालं होतं.

मग २०१९ साली प्रसिद्ध झालेली, ११ केंद्रांवर ९९ रुग्णांची चाचणी. आधी औषधांनी पुरेसं बरं न वाटलेले हे लोक. सहा आठवड्यांत २९ बैठका. दर बैठकीत दोन सेकंद ठोके, वीस सेकंद विश्रांती, असं ५० वेळा. सेकंदाला २० ठोके, म्हणजे बैठकीला २,००० आणि सगळे मिळून ५८,०००. एक बैठक अठरा-एकोणीस मिनिटांची.

ओसीडी मोजायला ० ते ४० गुणांची येल-ब्राउन पट्टी वापरतात. त्यावर खऱ्या कॉइलच्या गटाचे सरासरी ६ गुण उतरले, खोट्याच्या गटाचे ३.३. ज्यांचा त्रास ३० टक्क्यांहून जास्त कमी झाला असे खऱ्या गटात ३८ टक्के निघाले, खोट्यात ११ टक्के. उपचार थांबल्यावर महिन्याने पुन्हा मोजलं तर आकडे ४५ आणि १८ च्या आसपास होते. फायदा विरला नाही, थोडा वाढलाच. याच पुराव्यावर अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने ऑगस्ट २०१८ मध्येच, निबंध छापून यायच्या आधी, या उपचाराला ओसीडीसाठी परवानगी दिली होती.

३८ टक्के म्हणजे शंभरातल्या बासष्टांना एवढा फायदा झाला नाही. हे लपवून कोणी 'खात्रीशीर इलाज' म्हणत असेल तर तिथून उठावं. पण औषधांनी भागलं नाही अशा माणसांत अडतीस जण ही लहान गोष्ट नव्हे. दिवसाचे सहा तास धुण्यात जाणाऱ्याचे दोन तास जरी परत मिळाले, तरी नोकरी टिकते, आईला एक वेळचं जेवण शांतपणे वाढता येतं.

हा शॉक नाही

सिनेमातल्या शॉकच्या दृश्यांनी घरोघरी धसका बसला आहे. इथे भूल नाही, झटका आणायचा नसतो, माणूस पूर्ण जागा असतो आणि संपल्यावर स्वतः उठून घरी जातो. मशीन टकटक फार जोरात करतं, म्हणून कानात बोळे घालतात. डोकं दुखणं, टाळूला टोचणं हा नेहमीचा त्रास. फिट येणं फार क्वचित, पण शक्य, म्हणून पूर्वी फिट आलेल्यांची आधी कसून विचारपूस होते. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर हा उपचार नाही.

आणि हा पहिला उपचारही नाही. आधी फ्लुओक्झेटिन, सरट्रालिन, फ्लुव्होक्सामिनसारखी औषधं, नैराश्याला लागतात त्याहून बहुधा मोठ्या मात्रेत, दोन-तीन महिने धीर धरून. सोबत भीतीला सामोरं जाऊन कृती रोखण्याचा सराव, म्हणजे ईआरपी. लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली दोन रुग्णांवर तो मांडला. हात मळवायचे आणि धुवायचे नाहीत. चुंबकाच्या खुर्चीत आधी भीती जागवतात तेव्हा मेयर यांचा सराव त्याच्या फार जवळ येतो, असं मला वाटतं.

बंगळुरूचा 'नाही'

एकाच नावाखाली बरेच वेगवेगळे उपचार येतात. मेंदूच्या कोणत्या जागी, कोणत्या कॉइलने, सेकंदाला किती ठोके, यावर सगळं अवलंबून आहे. झांगेन यांच्या गटाने ओसीडीवर केलेल्या इस्रायली चाचण्यांच्या पहिल्या टप्प्यात सेकंदाला एक ठोका असलेला गटही होता. मधल्या तपासणीत त्याचा उपयोग दिसेना, म्हणून तो बंद केला. बंगळुरूच्या निम्हान्स या मनोविकार संस्थेत हालचालींची आखणी करणाऱ्या भागाच्या पुढच्या टोकावर मंद ठोके देऊन पाहिले. २०१८ साली छापलेल्या त्या चाचणीत खोट्या कॉइलपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. 'नाही' असं उत्तर छापणारी ही माणसं मला आदराची वाटतात, कारण त्या उत्तरामुळे पुढच्या रुग्णाचे आठवडे आणि पैसे वाचतात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही २०२० मध्ये ओसीडीसाठी हा उपचार सध्या संशोधनापुरताच ठेवा असं सांगितलं. अमेरिका हो म्हणते, ब्रिटन थांबा म्हणतं, आणि दोघांपुढे पुरावा बराचसा तोच आहे.

मुंबई-पुण्यात ही मशीन आता खासगी दवाखान्यांत आहेत. तिथे गेलात तर मनोविकारतज्ज्ञांना सरळ विचारा: कॉइल कोणती, ठोके कुठे देणार, किती बैठका, आणि त्याआधी माझी लक्षणं जागी करणार का?

पाच दिवसांत?

सहा आठवडे रोज दवाखाना गाठणं कोल्हापूरच्या किंवा परभणीच्या माणसाला कसं जमावं? त्यावर काम सुरू आहे, सध्या मुख्यतः नैराश्यात. ठोके छोट्या झुबक्यांनी दिले तर ३७ मिनिटांची बैठक तीन मिनिटांवर येते आणि परिणाम उणा पडत नाही, हे २०१८ मध्ये कॅनडातल्या मोठ्या चाचणीने दाखवलं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दिवसाला दहा बैठका देऊन सगळा उपचार पाच दिवसांत बसवला आणि २०२२ मध्ये त्याला नैराश्यासाठी परवानगी मिळाली. ओसीडीवर हे वेगवान वेळापत्रक चालतं का, याच्या चाचण्या आता सुरू आहेत.